ओटी भरायची राहिली

तालुक्याच्या गावांतली दुकानांची उद्घाटनं, नवरात्रातले पैठणीचे खेळ, दहीहंड्या, अशा कार्यक्रमांचं निवेदन मी गेली सोळा वर्षं करतो. माइक हातात असल्यामुळे समोरची गर्दी दिसते आणि स्टेजमागची खोलीही दिसते.

दोन वर्षांपूर्वी एका सराफी दुकानाच्या उद्घाटनाला मालिकेतली एक नायिका यायची होती. पैसे ठरवून अशी हजेरी लावण्याला आमच्या धंद्यात ‘सुपारी’ म्हणतात. किती मिनिटं थांबायचं, किती फोटो द्यायचे, फक्त फीत कापायची की दिवाही लावायचा, सगळं सुपारी घेतानाच ठरतं. वेळ अकराची होती. दहापासूनच बायका रस्त्यावर येऊन बसल्या. ऑक्टोबरचं ऊन, आणि मांडव फक्त स्टेजपुरता. ती दोन वाजता आली. आदल्या रात्री शूटिंग लांबलं होतं. मधले तीन तास मी ‘टोलनाक्यापर्यंत आल्या आहेत’ असं सांगत होतो आणि लोक दर वेळी टाळ्या वाजवत होते.

पहिल्या रांगेत एक आजी होत्या. नऊवारी, मांडीवर पिशवी, पिशवीत खण, नारळ आणि तांदळाची पुडी. शेजारच्या गावाहून सकाळच्या एसटीने आल्या होत्या. मला दोनदा जवळ बोलावून त्यांनी विचारलं, “बाळा, तिची ओटी भरू देतील ना रे? लई सोसलंय पोरीनं त्या घरात.” ते घर म्हणजे मालिकेतलं सासर. मी म्हणालो, “देतील की आजी.”

ती आली तीच बाउन्सरांच्या कड्यातून. स्टेजवर चढली, फीत कापली, मालिकेतला एक संवाद म्हटला आणि सगळे म्हणतात तेच म्हणाली, “तुमचं प्रेम असंच राहू द्या.” बारा मिनिटं. सगळ्यांचे हात वर, हातात मोबाइल. आजींकडे मोबाइल नव्हता, त्यांनी नारळ वर धरला. मोबाइलच्या त्या रानात तो एकच नारळ मला स्टेजवरून दिसत होता. त्या दोन पावलं पुढे आल्या, तशी बाउन्सरने आडवा हात घातला. त्याने ढकललं नाही. नुसता हात आडवा ठेवला, पण तेवढ्याने पुरलं.

नंतर दुकानाच्या माडीवर, दागिन्यांच्या रिकाम्या खोक्यांत ती सँडल काढून बसली होती. टाचेला फोड आला होता. पाणी प्यायली आणि म्हणाली, “त्या नारळवाल्या आजी गेल्या का हो?” म्हणजे तिने पाहिलं होतं. मी धावत खाली गेलो. आजी एसटी गाठायला निघून गेल्या होत्या. परत आलो तेव्हा ती म्हणाली, “आज सकाळपासून मला माझ्या नावाने एकानेही हाक मारली नाही.” मालिका मार्चमध्ये संपणार होती. लोक फार तर चार महिने लक्षात ठेवतील, तोवर मिळतील तेवढ्या सुपाऱ्या घ्यायच्या, असा तिचा साधा हिशेब होता.

त्या दिवशी दुकानदाराला गर्दी मिळाली, मला मानधन मिळालं, तिला तिचे पैसे मिळाले. ज्या दोघी एकमेकींना भेटायला बघत होत्या, त्यांची भेट मात्र झाली नाही.

प्रसिद्ध माणसांमागे धावणाऱ्या गर्दीवर लिहिणारे बहुतेक जण तिला वेडी ठरवून सुरुवात करतात. मला ते मान्य नाही. सोळा वर्षं मी या गर्दीच्या तोंडाकडे पाहतो आहे. त्या बायकांना घरी कुणी ‘कशी आहेस’ म्हणून विचारत नाही. मालिकेतली ती मुलगी रोज संध्याकाळी साडेसातला घरात येते, रडते, सासूचं ऐकून घेते, आणि बघणाऱ्या बाईला वाटतं की माझं दुखणं कुणीतरी मांडतंय. तिला प्रत्यक्ष बघायला जाण्यामागे ‘तिने एकदा माझ्याकडे बघावं’ ही ओढ असते. वांद्र्याच्या बँडस्टँडवर २ नोव्हेंबरला, शाहरुख खानच्या वाढदिवशी, त्याच्या बंगल्यासमोर तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या पोरांनाही बंगल्यातून हललेला तो हात आपल्यासाठीच हलला असं क्षणभर वाटायचं. ज्याच्याकडे कुणीच बघत नाही, त्याला त्या क्षणाची किंमत कळते. म्हणून मी त्याला हसत नाही.

माझा राग या भुकेचा धंदा करणाऱ्या व्यवस्थेवर आहे. ती भूक चाळवत राहते आणि भागवत कधीच नाही. भागली तर उद्या गर्दी कशी जमणार?

हे सगळं आजचंच आहे, पूर्वी सारं सोज्वळ होतं, असंही मी म्हणणार नाही. बालगंधर्वांची टोपी महाराष्ट्रभर पुरुषांनी डोक्यावर घातली आणि त्यांची साडी नेसायची ढब घरंदाज बायकांनी उचलली, याला शंभर वर्षं होऊन गेली. मार्च १९११ मध्ये त्यांची लहान मुलगी वारली, त्याच दिवशी नव्या नाटकाचा पहिला प्रयोग होता आणि ते तोंडाला रंग लावून उभे राहिले. याचं आपण पिढ्यान्‌पिढ्या कौतुक करतो, पण त्या रात्री पुढे बसलेल्या प्रेक्षकाने काय मागून घेतलं होतं, याचा विचार करत नाही. विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट तर तमाशाच्या फडात सगळ्यांना पाठ आहे. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या, कळा सुरू झाल्यावर राहुटीत जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि परत बोर्डावर आल्या. १९५७ मध्ये आणि पुन्हा १९९० मध्ये त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, आणि जानेवारी २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा ओढगस्तीतच होत्या. शिट्ट्या मारणारे आणि फेटे उडवणारे हजारो हात म्हातारपणी कामाला आले नाहीत. प्रसिद्धी म्हणजे भाकरी नव्हे, हे तेव्हाही खरंच होतं.

पण तेव्हा आणि आता यांत एक मोठा फरक आहे. विठाबाईंचं नाव त्यांच्या गळ्यातून आणि पायांतून निघालं होतं. बघणारा घरी जाताना लावणी घेऊन जायचा. माणूस हाती लागला नाही तरी कला हाती लागायची आणि ती पुरायची. आता माणसाला त्याच्या कामापासून सोडवून सुटं विकलं जातं. विमानतळातून बाहेर येताना कुणी कुठला चष्मा घातला, जिममधून निघताना हातात कुठली बाटली होती, याचे व्हिडिओ ‘स्पॉट झाली’ म्हणून फिरतात. अनेकदा कॅमेरेवाल्यांना गाडी कधी येणार हे त्या नटनट्यांच्याच प्रसिद्धीच्या माणसांनी कळवलेलं असतं. तिथे ना गाणं आहे, ना अभिनय, ना खेळ. गाडीपर्यंत चालत जाणारा माणूस आहे. बघणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही, म्हणून तो पुढचा व्हिडिओ बघतो. शंभर बघून झाले तरी रात्री अंगठा चालतच राहतो.

खेड्यातल्या पोरांनी मोबाइलवर मिळवलेली प्रसिद्धी ही त्याच दुकानाची खालची पायरी. इथे माझं मन दुभंगतं. ज्याला ना इंग्रजी येतं, ना पुण्या-मुंबईत ओळख आहे, अशा पोराला पंधरा सेकंदांच्या नाचाने लाखभर लोक ओळखू लागले, ही मोठीच गोष्ट होती. आपल्या भाषेत, आपल्या शेताच्या बांधावर उभं राहून. २९ जून २०२० ला केंद्र सरकारने ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. आमच्या भागातला एक मुलगा गणेश मंडळांच्या कार्यक्रमांना पाहुणा म्हणून यायचा. बंदीनंतर आठवड्याभराने तो मला भेटला तेव्हा मोबाइल काढून परत परत तेच चिन्ह दाबून बघत होता. दीड वर्षाचं काम, लाखभर माणसं, सगळं दुसऱ्याच्या दारात ठेवलेलं, आणि दार बंद. त्याचे आईवडील त्याला ‘आता तरी कामाला लाग’ म्हणत होते. मला त्यांना सांगावंसं वाटलं की तो कामच करत होता, रोज बारा तास. फक्त त्या कामातलं काहीही त्याच्या मालकीचं नव्हतं.

आता गर्दीबद्दल. मी स्वतः गर्दी थोपवून धरण्याचं काम करतो, त्यामुळे यावर गप्प राहणं मला जमत नाही.

जानेवारी २०१७ मध्ये शाहरुख खान सिनेमाच्या प्रसिद्धीसाठी मुंबईहून रेल्वेने दिल्लीला निघाला. बडोद्याला गाडी काही मिनिटं थांबली, त्याने डब्यातून टी-शर्ट आणि चेंडू फेकले, फलाटावर रेटारेटी झाली आणि एक माणूस मेला. न्यायालयाने पुढे खटला रद्द केला, तेव्हा त्या नटाला दोषी म्हणण्याचं कारण नाही. पण रेल्वेचा फलाट ही जाहिरातीची जागा असू शकते, हे ठरवणारं कुणीतरी टेबलाशी बसलं होतंच ना? ४ डिसेंबर २०२४ च्या रात्री हैदराबादच्या संध्या थिएटरला एक सिनेमा प्रदर्शित होण्याच्या आदल्या रात्रीच्या खेळाला त्यातला नट स्वतः आला. ३५ वर्षांची एक बाई चेंगरून गेली, तिचा लहान मुलगा बेशुद्धावस्थेत इस्पितळात पोहोचला. ती बाई मुलाला सिनेमा दाखवायला आली होती. ४ जून २०२५ ला बेंगळुरूमध्ये आयपीएल जिंकून आलेल्या संघाला बघायला लोक चिन्नास्वामी स्टेडियमपाशी लोटले आणि ११ जण गेले. त्यात शाळकरी मुलगीही होती. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला तमिळनाडूतल्या करूरला चेंगराचेंगरीत ४१ माणसं गेली. ती सभा राजकीय पक्षाची होती, पण नेता सिनेनट होता, आणि त्याला यायला कित्येक तासांचा उशीर झाला होता. बातमीतला तो उशीर वाचताना मला सराफी दुकानासमोरचे ते तीन तास आठवले. माइकवरून ‘आलेच, आलेच’ म्हणत लोकांना उन्हात धरून ठेवणारा माझ्यासारखाच कुणीतरी तिथेही असणार. आमच्याकडे काही घडलं नाही, कारण माणसं शेकड्यांत होती. एवढाच फरक.

मुंबईही थोडक्यात वाचली. ४ जुलै २०२४ ला विश्वविजेत्या क्रिकेट संघाची मिरवणूक मरीन ड्राइव्हवर निघाली. काही जण जखमी झाले, गुदमरले, पण जीव गेला नाही. दुसऱ्या दिवशी महापालिकेच्या सफाई कामगारांनी तिथून चपला-बुटांचे ढीग उचलले. गर्दीत चपला सुटतात त्या माणूस जमिनीवरून उचलला गेल्यावर. पाय टेकत नाहीत, लोंढा नेईल तिकडे अंग जातं. ज्यांनी कधी मोठी जत्रा सांभाळली आहे त्यांना त्या ढिगाचा अर्थ सांगावा लागत नाही. आपण तो आनंदाचा पुरावा म्हणून बघितला.

बातम्यांचं काय झालं तेही बघा. ३१ ऑगस्ट २०२० ला देशाच्या तिमाहीचे आकडे आले. सकल उत्पादन २३.९ टक्क्यांनी घसरलं होतं. महाराष्ट्रात करोनाचे रुग्ण दिवसाला हजारोंनी वाढत होते, आमच्यासारख्या कार्यक्रमांवर पोट असणाऱ्यांच्या घरात पाच महिने कमाई नव्हती. मांडववाले, साउंडवाले, बँडवाले, तमाशाचे फड, सगळे बसून. आणि त्या दिवसांत वृत्तवाहिन्या एका तरुण नटाच्या मृत्यूवरून त्याच्या मैत्रिणीच्या गाडीमागे धावत होत्या. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या वार्तांकनावर कठोर ताशेरे ओढले आणि अशा बातम्या कशा द्याव्यात याची चौकट घालून दिली. पण तो हिवाळा येईपर्यंत एका घराचं दुःख चावून चोथा झालं होतं, आणि आमच्या बंद पडलेल्या चुलींची बातमी कुणी दिली नव्हती.

जाहिरातींबद्दल थोडक्यात बोलतो, कारण तिथे वाद घालण्यासारखं फारसं काही नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी त्याच ब्रँडच्या नावाने वेलची आणि पानमसाला विकणारे नट टीव्हीवर दिसतात, आणि माझ्या गावातल्या पंधरा वर्षांच्या पोराला त्या नावाचा खरा अर्थ पानटपरीवर कळतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत काम करणाऱ्याला दहा लाखांपर्यंत दंड आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड, अशी तरतूद २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. ती वापरा, एवढंच म्हणायचं आहे. लोक बोलले की फरक पडतो. एप्रिल २०२२ मध्ये अक्षयकुमारने माफी मागून अशा एका जाहिरातीतून माघार घेतली, ती लोकांनी सोडलं नाही म्हणूनच.

यावर मला नेहमी ऐकवलं जातं ते असं: लोकांना हेच आवडतं, तुम्ही कोण अडवणारे? आवडीचा हा दाखला मला पटत नाही, कारण मी लोकांना दुसरं काही आवडतानाही पाहिलं आहे. त्याच बाजारपेठेत, त्याच मांडवात, एका शाहिराने रात्री अकराला डफावर थाप मारली तेव्हा एकही माणूस उठला नव्हता आणि एकाचाही मोबाइल वर नव्हता. पण शाहिराला दुकानाच्या उद्घाटनाला कुणी बोलावत नाही. त्याचा चेहरा फ्लेक्सवर चालत नाही. जे समोर ठेवलंच जात नाही ते लोकांना नावडतं, असं कसं म्हणायचं?

दुसरा मुद्दा जास्त खरा आहे: सुपारी बंद केली तर कलाकार खाणार काय? मालिकेत काम करणाऱ्यांचे पैसे महिनोन्‌महिने उशिरा मिळतात, मालिका कधी गुंडाळली जाईल याचा नेम नसतो. म्हणून सुपारी बंद करा असं मी म्हणतच नाही. ती माझीही भाकरी आहे. मी म्हणतो ती निदान भेट असू द्या. किती माणसं येणार, किती वेळ उन्हात बसणार, उशीर झाला तर कार्यक्रम कुणी थांबवायचा, बाहेर पडायला वाट कुठली, हे परवानगीच्या कागदावर लिहून द्यावं लागलं पाहिजे, आणि चूक झाली तर आयोजकाची सही तिथे असली पाहिजे. नगरपालिकेचा किंवा आमदार निधीचा पैसा एखाद्या नटाच्या बारा मिनिटांवर जात असेल, तर तो आकडा गावाला कळला पाहिजे. त्याच गावात वाचनालयाला दोन वर्षं नवी पुस्तकं नसतात.

भेट म्हणजे काय, हे सांगायला भगवानदादांची आठवण पुरेशी आहे. गिरणी कामगाराचा मुलगा, स्वतः मजुरी केलेला. १९५१ च्या ‘अलबेला’ने त्यांना एवढं दिलं की जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला आणि दारात सात गाड्या. पुढचे सिनेमे पडले, सगळं गेलं आणि ते दादरच्या चाळीत परतले. तिथेच फेब्रुवारी २००२ मध्ये, विठाबाईंच्या पाठोपाठ तीन आठवड्यांत, गेले. पण दादरची जुनी माणसं सांगतात, गणपतीची मिरवणूक त्यांच्या चाळीखाली थांबायची. पोरं त्यांचीच ती खांदे हलवत नाचायची चाल नाचत राहायची, भगवानदादा खाली येईपर्यंत. मग म्हातारा दोन पावलं टाकायचा आणि मिरवणूक पुढे सरकायची. बंगला गेल्यावर, गाड्या गेल्यावरही हे उरलं होतं. कुणी सुपारी दिली नव्हती आणि मध्ये कुणाचा हात आडवा नव्हता.

गेल्या नवरात्रात एका मंडळाने मला निवेदनाला बोलावलं, तेव्हा मी अट घातली की पाहुणी कलाकार स्टेजवरून उतरून अर्धा तास बायकांमध्ये बसेल. आयोजकांनी आढेवेढे घेतले, वेळेचं गणित मांडलं, शेवटी कबूल झाले. मुलगी वेगळी होती, मालिकाही वेगळी. ती सतरंजीवर बसली. मी तिची ओळख करून देताना मालिकेतलं नाव घेतलं नाही, तिचं नाव आणि तिचं गाव सांगितलं. पहिली पाचेक मिनिटं मोबाइल वर होते. मग एकीने खण-नारळ पुढे केला, कुंकू लावलं, आणि तिच्या तोंडाकडे बघून विचारलं,

“जेवलीस का गं?”

“नाही काकू,” ती म्हणाली, “सकाळपासून गाडीतच आहे.”

मागच्या रांगेतली एक बाई उठली आणि पलीकडच्या गल्लीतल्या आपल्या घरातून ताटलीत झाकून भाकरी आणि पिठलं घेऊन आली. अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला. आयोजक मला लांबून घड्याळ दाखवत होते.